जीआरमध्ये नसलेली अट

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५मध्ये सुरू झाली, तेव्हा लाभार्थी महिलांना एका विधानावर उत्तर द्यायचे होते. विधानाचा आशय असा : माझ्या कुटुंबातील कोणी कायम सरकारी नोकरीत नाही आणि सरकारी निवृत्तिवेतनही घेत नाही. पुढे दोन पर्याय, ‘होय’ आणि ‘नाही’. ज्या घराण्यात आजवर कुणाला सरकारी नोकरी लागलेली नाही, त्या घरातल्या बाईने यातले काय निवडायचे? विधान खरे आहे, म्हणून तर्काने उत्तर ‘होय’. पण नोकरीचा विषय निघाला की आपण सगळेच ‘नाही हो, कुणी नाही’ असे म्हणतो. तसे म्हणत ‘नाही’वर बोट पडले की घरात सरकारी नोकर असल्याची नोंद होते आणि बाई अपात्रांच्या रांगेत जाते. पुढे चुकीचा पर्याय निवडला गेल्याने हप्ता थांबल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या आणि शासनाला अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणीचा मार्ग काढावा लागला. एवढे सगळे एका वाक्याच्या उलट्या रचनेमुळे झाले. तरी चर्चेत शब्दप्रयोग रूढ झाला तो ‘महिलांनी चुकीचा पर्याय निवडला’ असा. चूक कुणाची, याचा निकाल त्या शब्दांनीच देऊन टाकला.

योजनेच्या अटी शासन निर्णयात, म्हणजे जीआरमध्ये, छापलेल्या असतात. उत्पन्न किती हवे, वय किती, जमीन किती, यावर मंत्रिमंडळात चर्चा होते, विरोधक बोलतात, कुणी न्यायालयात जाते. त्या अटी पोर्टलवर उतरल्या की त्यांत आणखी काही अटींची भर पडते आणि ती कुणी मंजूर केलेली नसते. आधारला जोडलेला मोबाईल नंबर आज चालू असला पाहिजे. वेडीवाकडी इंग्रजी अक्षरे ओळखता आली पाहिजेत. फॉर्म ठरावीक मिनिटांत भरून झाला पाहिजे. आधारवरचे इंग्रजी स्पेलिंग आणि सातबाऱ्यावरचे मराठी नाव यांचा मेळ बसला पाहिजे. यातली एकही अट जीआरमध्ये सापडणार नाही, पण हप्ता अडतो तो याच अटींपाशी. माझे म्हणणे एवढेच आहे, की वाईट बांधलेले संकेतस्थळ ही पात्रतेची अट असते आणि म्हणून तिच्यावर अटीसारखेच नियंत्रण हवे. ते कसे ठेवायचे याचे नियम कधीच लिहून झाले आहेत. त्यांना वेब मानके म्हणतात.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न जास्त बोचतो. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या पट्ट्यातून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कोयत्याच्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या, जोड्या गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडात असतात. लाडक्या बहिणींच्या ई-केवायसीची मुदत आधी १८ नोव्हेंबर २०२५ होती, नंतर ती ३१ डिसेंबर झाली. म्हणजे दोन्ही तारखा ऐन गाळप हंगामातल्या. फडातल्या कोपीवर राहणाऱ्या बाईने आपला आधार क्रमांक टाकायचा, ओटीपी मिळवायचा, मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक टाकायचा आणि त्यांच्या नंबरवर आलेला ओटीपीही मिळवायचा. घरात फोन एक, रिचार्ज संपलेला, आधारला जोडलेला नंबर चार वर्षांपूर्वीचा, हे चित्र काही अपवादाचे नाही. आणि जिला नवराही नाही आणि वडीलही नाहीत, तिने काय करायचे? विधवा आणि घटस्फोटित महिलांसाठी कागदपत्रे देण्याची वेगळी सोय झाली ती नोव्हेंबरमध्ये, मुदतवाढीसोबत. महिलांसाठी काढलेल्या योजनेत नवरा-वडील दोघेही नसलेली बाई असू शकते, हे फॉर्म बनवताना कुणाच्या डोक्यात आले नाही. सर्व्हरची क्षमता कितीही वाढवली तरी ही चूक दुरुस्त झाली नसती, कारण ती माणसाच्या डोक्यात होती.

याला ‘अपरिहार्य तांत्रिक अडचण’ म्हणता येत नाही, याचा पुरावा महाराष्ट्राकडे स्वतःचाच आहे. २०१७ साली छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. दीड लाखापर्यंतची कर्जमाफी, अंदाजे ३४ हजार कोटींचा बोजा. अट अशी, की प्रत्येक शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज भरायचा, नवरा-बायको दोघांची माहिती द्यायची, केंद्रावर जाऊन अंगठा लावायचा. जुलै ते सप्टेंबर मराठवाड्यातल्या केंद्रांवर रात्रीच्या रांगा लागल्या, सर्व्हर बसले, मुदत वाढवावी लागली. दिवाळीच्या तोंडावर प्रमाणपत्रे वाटली गेली आणि त्यानंतर याद्यांमधल्या चुका बाहेर यायला लागल्या. दोनच वर्षांनी, डिसेंबर २०१९मध्ये, महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली. तीत अर्जच नव्हता. कर्जाची माहिती बँकांकडे होतीच, ती बँकांनी दिली. याद्या गावात लागल्या आणि शेतकऱ्याने आपला क्रमांक घेऊन फक्त आधार प्रमाणीकरण करायचे होते. राज्य तेच, शेतकरी तेच, नेटवर्कही तेच. बदलला तो एक विचार : जी माहिती सरकारच्या हाताशी आहे ती नागरिकाकडून पुन्हा भरून घ्यायची का? दुसरी योजना निर्दोष होती असे कुणी म्हणणार नाही, नियमित परतफेड करणाऱ्यांचा अनुदानाचा प्रश्न तर पुढे बराच काळ रेंगाळला. पण केंद्राबाहेर रात्र काढण्याची पाळी तरी आली नाही.

वेब मानके म्हणजे काय, हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण हा विषय फक्त संगणकवाल्यांचा आहे अशी समजूत आहे. टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना १९८९ साली युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेत मांडली आणि सर्नने १९९३ साली ते तंत्र सगळ्यांसाठी मोफत खुले केले. वेब कुणा एका कंपनीच्या दावणीला बांधले जाऊ नये म्हणून १९९४ साली डब्ल्यू-थ्री-सी ही संस्था स्थापन झाली आणि पान कसे लिहावे याचे सामायिक नियम ती ठरवू लागली. त्यातलाच एक संच सुगम्यतेचा, म्हणजे अंध, अधू, वयस्क अशा कुणालाही पान वापरता यावे यासाठीचा. त्याची पहिली आवृत्ती १९९९ची, आणि २०२३मध्ये २.२ ही आवृत्ती आली. हे नियम वाचले तर वाटावे, की कुणीतरी आपल्या सेतू केंद्रात बसूनच लिहिले असावेत. वेळेची मर्यादा असेल तर ती संपण्याआधी वापरणाऱ्याला सूचना द्या आणि एका साध्या कृतीने ती वाढवून घ्यायला किमान २० सेकंद द्या. चूक झाली तर नेमकी कुठल्या रकान्यात झाली ते शब्दांत सांगा. नुसता लाल रंग पुरेसा नाही. अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक किमान साडेचारास एक इतका ठेवा, म्हणजे मोतीबिंदूच्या डोळ्याला वाचता येईल (आणि भर उन्हात बांधावर धरलेल्या मोबाईलवरही). पैशाचा किंवा कायदेशीर परिणामांचा अर्ज असेल, तर पाठवण्यापूर्वी भरलेली माहिती तपासून दुरुस्त करायची संधी द्या किंवा अर्ज मागे घेता येऊ द्या. एकाच कामात तीच माहिती दोनदा मागू नका. लॉगिनसाठी कोडे सोडवायला लावू नका. आता हे आपल्याकडच्या अनुभवाशी ताडून पाहावे. चौथ्या पानावर ‘सेशन संपले’ म्हणून पुन्हा पहिल्या पानावर येणे, ‘काहीतरी चुकले आहे’ एवढाच इंग्रजी संदेश मिळणे, चार कागद अपलोड झाल्यावर पाचव्याचा आकार जास्त म्हणून पाचही उडणे, एकदा बटण दाबले की दुरुस्तीला वाव नसणे. प्रत्येक तक्रारीसाठी एक नियम तयार आहे. लाडक्या बहिणींच्या त्या विधानालाही पाठवण्यापूर्वी ‘तुमच्या उत्तराचा अर्थ असा, की तुमच्या घरात सरकारी नोकर आहे; बरोबर का?’ एवढी एक ओळ जोडली असती तर बरेच निभावले असते.

आणखी एक बाब या नियमांच्या शेजारची, नावांची. मराठी कागदावर आडनाव आधी येते, मग नाव, मग वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव. आधारवर क्रम वेगळा, बँकेच्या पासबुकात तिसराच, आणि इंग्रजी स्पेलिंग तर टंकणाऱ्याच्या मर्जीवर. ॲग्रीस्टॅक या शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदणीतल्या फार्मर आयडीसाठी सातबारा आणि आधार यांवरची नावे संगणकाने जुळवायची ठरली, तेव्हा हा सगळा जुना गोंधळ शेतकऱ्याच्या अंगावर आला. जगभरच्या नावांचे क्रम आणि भाग वेगवेगळे असतात, म्हणून पहिले नाव, मधले नाव, आडनाव असे रकाने पाडण्यापूर्वी विचार करा, असे मार्गदर्शन डब्ल्यू-थ्री-सीने कधीचेच प्रसिद्ध केलेले आहे. गावांच्या नावांचे तेच. २०११च्या जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत बीड जिल्ह्याच्या नावात एकच ‘आय’ आहे, तर जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर दोन ‘ई’. केज आणि गेवराई यांची स्पेलिंगेही दोन-दोन. एका विभागाच्या यादीतले गाव दुसऱ्याच्या यादीत सापडत नाही ते यामुळे. यावर केंद्र सरकारने स्थानिक शासन निर्देशिका तयार करून प्रत्येक गावाला क्रमांक दिलेला आहे. तो वापरला की स्पेलिंगचा वादच उरत नाही. जे विभाग वापरत नाहीत ते केवळ आळसापोटी.

वाईट पोर्टलचा खर्च कोण सोसते, हे पीकविम्याने दाखवले. २०२३च्या खरिपापासून महाराष्ट्रात एक रुपयात पीकविमा होता. शेतकऱ्याचा हिस्सा एक रुपया आणि अर्ज भरून देणाऱ्या सामूहिक सुविधा केंद्राला विमा कंपनीकडून अर्जामागे ४० रुपये. म्हणजे शेतकऱ्याच्या हिश्श्याच्या चाळीसपट किंमत फॉर्म भरण्याची. तेवढ्यावरही भागले नाही. केंद्रचालक वरून पैसे घेतात अशा तक्रारी आल्या आणि कृषी विभागाला ‘एक रुपयापेक्षा जास्त देऊ नका’ असे आवाहन करावे लागले. केंद्रचालकाला दोष देणे सोपे आहे. पण सर्व्हर चालू होईल म्हणून रात्री एकपर्यंत जागणारा, लाईट गेली तर इन्व्हर्टर चालवणारा आणि गावकऱ्यांच्या शिव्या खाणारा तोच असतो. पोर्टलची कसर तो आपल्या श्रमाने भरून काढतो आणि त्याचे मोल गिऱ्हाइकाकडून घेतो. नागरिकाला घरबसल्या सेवा मिळावी म्हणून ज्या गोष्टी ऑनलाइन आणल्या, त्यांनी तालुक्याच्या गावी एक नवा मध्यस्थ उभा केला. रोजंदारी बुडवून केलेली एसटीची खेप, झेरॉक्स, केंद्राची फी हा सगळा खर्च कुठल्याच अर्थसंकल्पात दिसत नाही, म्हणून तो कुणाला कमीही करावासा वाटत नाही.

इथे बीडचेच उदाहरण माझ्यावर उलटवता येईल. पीकविम्यात सर्वाधिक गाजलेले बोगस अर्ज बीड जिल्ह्यातले. सरकारी जमिनींवर, दुसऱ्याच्या शेतावर विमे उतरवले गेले. मग पोर्टल आणखी कडक नको का? हा आक्षेप गंभीर आहे आणि गैरप्रकारांची झळ प्रामाणिक शेतकऱ्याला किती बसली हेही खरे आहे, कारण २०२५मध्ये एक रुपयाची योजनाच गुंडाळली गेली. पण ते बोगस अर्ज भरले कुणी? ज्या प्रकरणांत कारवाई झाली त्यांत सुविधा केंद्रांचे चालक होते, म्हणजे फॉर्म भरण्यात सर्वांत तरबेज माणसे. अवघड फॉर्म लबाडाला अडवत नाही, त्याला तो पाठ असतो. अडतो तो वर्षातून एकदाच फॉर्मसमोर बसणारा. लबाडी पकडली जाते ती मागच्या बाजूला, सातबारा आणि पीक पाहणीच्या नोंदी विम्याशी ताडून पाहिल्यावर. ती ताडणी हे सरकारचे काम आहे. ते पुढच्या दारात कॅप्चाची अक्षरे वाकडी करून होत नाही.

दुसरा आक्षेप गर्दीचा. लाखो लोक एकाच वेळी आले तर कुठलेही पोर्टल बसणारच, असे सांगितले जाते. अमेरिकेचे आरोग्य विम्याचे पोर्टल १ ऑक्टोबर २०१३ला सुरू झाले, तेव्हा पहिल्या दिवशी फक्त सहा जणांची नोंदणी पार पडली. गर्दी होतीच. पण एक कारण असेही निघाले, की विम्याच्या योजना नुसत्या पाहण्यासाठीसुद्धा आधी खाते उघडायची सक्ती होती, त्यामुळे सगळा लोंढा एकाच अरुंद दारात अडकला. आपल्याकडे बऱ्याचदा पात्रता काय, कागद कोणते, यादीत नाव आहे का, एवढे पाहायलाही लॉगिन आणि ओटीपी लागतो. जी माहिती उघड्या, हलक्या पानावर ठेवता येते ती ठेवली तर सर्व्हरवरचा भार आपोआप उतरतो. यादी स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये टाकली तर मात्र प्रत्येकाला पूर्ण फाइल उतरवून घ्यावी लागते, त्यात नाव शोधता येत नाही आणि अंध व्यक्तीच्या वाचक-यंत्राला ते फक्त एक चित्र दिसते. शिवाय गर्दी काही आभाळातून पडत नाही. सगळ्या राज्याला एकच शेवटची तारीख दिली की गर्दी होते. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर सुरू झाली, तेव्हापासून सर्व्हरच्या तक्रारी आणि मुदतवाढ ठरलेलीच आहे. मुदतवाढ जाहीर होते शेवटच्या दिवशी, तोवर लोकांनी मजुरी बुडवून खेपा घातलेल्या असतात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत कमी पटतो, पण तो सर्वांत जास्त ऐकू येतो : आपली माणसे अडाणी, त्यांना कितीही सोपे करून दिले तरी ती केंद्रावरच जाणार. २०११च्या जनगणनेत बीडची साक्षरता सुमारे ७७ टक्के होती. पण साक्षरतेचा आकडा बाजूला ठेवू. १९५१-५२ची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा बीड हैदराबाद राज्यात होते आणि देशातल्या बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हते. तरी ‘लोक शिकेपर्यंत थांबू’ असे निवडणूक आयोग म्हणाला नाही. त्याने चिन्हे आणली, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली आणि मतदानाची रीत मतदाराच्या मापाने बेतली. सत्तर वर्षांपूर्वीच्या प्रशासनाला जे सुचले ते हातात स्मार्टफोन असलेल्या, त्यावर पैसे पाठवणाऱ्या आणि दिवसभर व्हिडिओ पाहणाऱ्या माणसाच्या बाबतीत अशक्य कसे ठरते? आणि माणूस केंद्रावर गेला तरी केंद्रचालकाला तेच पोर्टल वापरावे लागते. एका अर्जाला चाळीस मिनिटांऐवजी दहा लागली तर रांग तेवढीच घटेल.

कायदा तर नागरिकाच्या बाजूला आहेच. केंद्राने सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ साली काढली, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ची आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६चा. त्याच्या नियमांत २०२३मध्ये आयएस १७८०२ हे सुगम्यतेचे भारतीय मानक आले. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सुगम्यतेचे नियम ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असे सांगितले. ३० एप्रिल २०२५ला प्रज्ञा प्रसून खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या व्यक्तीला केवायसीसाठी पापणी मिचकावता येत नाही, या तक्रारीतून निघालेल्या त्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क जगण्याच्या हक्काचाच, अनुच्छेद २१चा भाग मानला गेला. आणि नियम पाळणे जमत नाही असेही नाही. बीडसह राज्यातल्या जिल्ह्यांची माहितीपर संकेतस्थळे एनआयसी या सरकारी संस्थेच्या सामायिक साच्यावर बांधली आहेत. त्यांवर अक्षर मोठे होते, वाचक-यंत्र चालते, मराठी युनिकोडमध्ये आहे. म्हणजे जिथे जिल्ह्याची पर्यटनस्थळे आणि अधिकाऱ्यांचे दूरध्वनी आहेत तिथे मानके पाळली जातात आणि जिथे पैसे, जमीन आणि विमा आहे तिथे ती गळतात. कारण साधे आहे. योजनेची घोषणा आधी होते, तारीख ठरते आणि पोर्टल बनवणाऱ्याला उरलेल्या दिवसांत काम उरकायचे असते. चाचणी होते ती मुंबईत, वायफायवर, बनवणाऱ्यांच्याच लॅपटॉपवर.

बदलायचे ते निविदेत आणि जीआरमध्ये बदलावे लागेल. लाभाच्या कुठल्याही पोर्टलचे अंतिम देयक ते मानकांच्या तपासणीत उतरल्याशिवाय निघू नये. तपासणी नुसती यंत्राने करून चालणार नाही. फॉर्म जाहीर होण्यापूर्वी तो बीडच्या बालाघाट डोंगरपट्ट्यातल्या एखाद्या गावात, तिथल्या सिग्नलवर, तिथल्या फोनवर, आधी कधी न पाहिलेल्या माणसांकडून भरून घ्यावा आणि ती कुठे अडखळली ते लिहून काढावे. पोर्टल जितके तास बंद राहिले तितके तास मुदतीत आपोआप जोडले जातील, असे कलम प्रत्येक योजनेच्या शासन निर्णयात असावे, म्हणजे मुदतवाढीसाठी पालकमंत्र्यांच्या ट्वीटकडे डोळे लावून बसावे लागणार नाही. आणि फॉर्ममधल्या चुकीने कुणी अपात्र ठरले, तर ती अपात्रता खरी आहे हे सिद्ध करण्याचा भार विभागावर असावा. असे काही करायचे म्हटले की प्रशासन सहसा हात वर करते. पण २०२५च्या अतिवृष्टीनंतर मराठवाडा पाण्याखाली असताना याच शासनाने फार्मर आयडी असलेल्या शेतकऱ्यांना मदतीसाठीच्या वेगळ्या ई-केवायसीतून सूट दिली. ओळख पटलेल्या माणसाला पुन्हा अंगठा लावायला बोलवायचे नाही, हे एका निर्णयात झाले. पूर नसतानाही तो निर्णय लागू ठेवायला कुणाची हरकत आहे, हे शासनाने सांगावे.